स्लाइड फिल्म घरी धुताना: ई-६ मध्ये नवं काय, आणि पैसे कुठे घालावेत

प्रश्न असा आहे: “२००५-०६ पर्यंत मी स्लाइडवर काम करायचो. आमची लॅब बंद पडली तसा डिजिटलवर आलो. आता पुन्हा हुक्की आली म्हणून एक्टाक्रोम ई१०० चे पाच आणि व्हेल्व्हिया ५० चे दोन रोल आणून फ्रिजमध्ये ठेवलेत. मधल्या काळात स्लाइड धुण्याच्या तंत्रात काय बदललं? घरी जमेल का? तीन बाथचं किट घ्यावं की सहा बाथचं? आणि डायनॅमिक रेंज वाढवणारा म्हणून जो नवा डेव्हलपर विकतात, त्यात दम आहे का?”

तंत्र बदललेलं नाही. कोडॅकने १९७६ च्या सुमाराला ई-६ ही स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया आणली, तीच आजही चालू आहे. तुमचा ई१०० त्यातच धुतला जातो. फुजी आपल्या फिल्मवर सीआर-५६ असं नाव छापते, पण तीही याच रसायनांत, याच वेळांत धुवायची. त्यामुळे तुम्ही वीस वर्षांपूर्वी जे काही शिकला होतात त्यातलं काहीही वाया गेलेलं नाही. बदललं ते भोवतालचं सगळं: रसायन कोण बनवतं, किती छोट्या मापात मिळतं, घरी तापमान कसं सांभाळता येतं आणि धुतलेल्या स्लाइडचं पुढे काय करायचं असतं. ‘नवं तंत्र’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं निम्मं या भोवतालात मोडतं. त्यातलं काही खरोखर कामाचं आहे, काही नुसतं वेष्टन.

मी लॅबमध्ये ई-६ ची लाइन चालवत होतो तेव्हा दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, कंपन्यांची माहितीपत्रकं सगळं ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे स्लाइडवर, यायचं. छपाईवाला प्रिंट हातात घ्यायचाच नाही, त्याला ड्रम स्कॅनरसाठी ट्रान्सपरन्सीच हवी असायची. सकाळी मशीन गरम झालं की आधी कंट्रोल स्ट्रिप (ठरावीक उजेड दिलेली तपासणीची पट्टी) सोडायची, डेन्सिटोमीटरवर (फिल्मचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर) तिचे आकडे घ्यायचे, आलेखावर ठिपका मांडायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या फिल्मला हात लावायचा. टाकीतलं रसायन महिनोन्‌महिने तेच असायचं. जेवढी फिल्म जाईल तेवढा ताजा रिप्लेनिशर (भर घालणारं रसायन) पडत राहायचा आणि त्यावर टाकी जिवंत राहायची. म्हणूनच डिजिटल आल्यावर ई-६ च्या लाइनी एवढ्या झपाट्याने बंद पडल्या. रोल कमी झाले की रिप्लेनिशर पडत नाही, डेव्हलपर उभ्याउभ्या हवा खाऊन मरतो, रंग बिघडतात, रंग बिघडले की उरलेली गिऱ्हाइकंही जातात. लॅबवाल्याने कितीही जीव ओतला तरी आठवड्याला चार-पाच रोलांवर ती टाकी टिकत नाही. आजच्या घरगुती किटांचं खरं महत्त्व इथे आहे. कमी रोलांसाठी कमी रसायन, वापरा आणि टाकून द्या.

मधल्या काळात तुमच्या नजरेआड काय काय झालं ते भराभर सांगतो. कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्येच थांबवलं होतं. कोडाक्रोम २००९ मध्ये बंद झाली आणि तिची के-१४ प्रक्रिया करणारी जगातली शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो, हिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा कोडाक्रोम रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना दिला होता. त्यातल्या काही फ्रेम मुंबईत खर्ची पडल्या, अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांच्यावर. (कुणाच्या माळ्यावर न धुतलेला कोडाक्रोम सापडला तर तो ई-६ मध्ये टाकू नका. त्या फिल्ममध्ये रंग घडवणारे कपलरच नसतात. आता त्यातून फक्त कृष्णधवल चित्र निघू शकतं.) २०१२ मध्ये एक्टाक्रोमही गेली. त्यानंतर पाच-सहा वर्षं फुजी सोडली तर फारसं काही हाती नव्हतं. जानेवारी २०१७ मध्ये कोडॅकने एक्टाक्रोम परत आणण्याचं जाहीर केलं, २०१८ च्या सप्टेंबरात ३५ मिमीचा ई१०० बाजारात आला, २०१९ च्या शेवटी १२० (रुंद रोल) आणि शीट (सुटे ताव) फिल्म आली. याच मालाची सिनेमासाठीची आवृत्तीही निघते आणि काही छोट्या कंपन्या ती डब्यांत भरून स्वतःच्या नावाने विकतात. सिनेमाच्या इतर फिल्मच्या पाठीवर असतो तो रेमजेटचा काळा थर तिला नसतो, सरळ ई-६ मध्ये जाते. उलट फुजीची व्हेल्व्हिया १०० अमेरिकेत २०२१ मध्ये बंद झाली, कारण फिल्मच्या थरात अत्यल्प प्रमाणात असलेलं एक फॉस्फेट संयुग तिथल्या पर्यावरण खात्याने बंदीच्या यादीत घातलं. तुमच्या व्हेल्व्हिया ५० ला त्याची झळ लागलेली नाही.

रसायनांकडे बघितलं तर कोडॅकच्या नावाचा हा धंदा २०२० मध्ये सिनो प्रॉमिस या चिनी समूहाकडे गेला, त्यांनी हात काढून घेतल्यावर मालाची ओढाताण झाली आणि २०२३ पासून अमेरिकेतल्या मिशिगनची फोटो सिस्टिम्स ही कंपनी कोडॅकच्या परवान्याने रसायनं बनवते. जर्मनीची टेटेनाल दिवाळखोरीत जाऊन कर्मचाऱ्यांच्या हाती नव्याने उभी राहिली. इटलीच्या बेलिनीने ब्लीच आणि फिक्सर वेगळे ठेवून एक लिटरचं ई-६ किट काढलं. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांतली घरी धुणाऱ्यांसाठीची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात नवीन काहीच नाही. जुनीच पद्धत घरात मावेल एवढी करून दिली, इतकंच.

आता तीन बाथ (म्हणजे फिल्म एकामागून एक ज्यांत बुडवायची ती रसायनं) की सहा, याचं उत्तर नीट कळायचं तर टाकीत काय घडतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. फर्स्ट डेव्हलपर हा साधा कृष्णधवल डेव्हलपर आहे. जिथे प्रकाश पडला तिथे तो काळी चांदी तयार करतो. जिथे पडला नाही तिथलं सिल्व्हर हॅलाइड तसंच राहतं, आणि तुमचं पॉझिटिव्ह चित्र या उरलेल्या हॅलाइडमध्ये दडलेलं असतं. रिव्हर्सल बाथमधला स्टॅनस क्लोराइड त्या उरलेल्या सगळ्याला रासायनिक धुकं आणतो, म्हणजे जणू प्रकाश दाखवतो. कलर डेव्हलपर मग त्याची चांदी करता करता प्रत्येक थरात पिवळा, मॅजेंटा, सायन असे रंग घडवतो. या क्षणी फिल्म बाहेर काढलीत तर ती पूर्ण काळी दिसेल, कारण आता तिच्यातली यच्चयावत चांदी धातूरूपात आहे. ब्लीच त्या चांदीचं पुन्हा हॅलाइड करतं, फिक्सर (आपल्याकडे जुने लोक हायपोच म्हणतात) ते विरघळवून काढतो, आणि मागे उरतो निव्वळ रंग.

‘यच्चयावत चांदी’ हे शब्द लक्षात ठेवा. कलर निगेटिव्हच्या सी-४१ मध्ये ब्लीचला फक्त प्रकाश लागलेल्या भागाची चांदी काढावी लागते, बाकीचं हॅलाइड फिक्सर परस्पर नेतो. स्लाइडमध्ये मात्र थरातली सगळीच चांदी ब्लीचच्या अंगावर येते. तीन बाथच्या किटात ब्लीच आणि फिक्सर एकत्र करून ‘ब्लिक्स’ केलेला असतो. हे दोघे एका बाटलीत सुखाने नांदत नाहीत. ब्लीचमधलं लोह फिक्सरच्या थायोसल्फेटला हळूहळू खातं आणि दोघांचीही ताकद घटत जाते. पहिल्या दोन-तीन रोलांना हे जाणवत नाही. किटाच्या पत्रकात लिहिलेल्या शेवटच्या रोलांपर्यंत पोचलात की गडद भागात चांदी मागे राहायला लागते, रंग मळकट होतात, पांढऱ्यावर पिवळट झाक येते.

दुसरा मुद्दा फार कमी लोक बोलतात. ई-६ च्या फिल्ममधला मॅजेंटा रंग टिकायला शेवटी फॉर्माल्डिहाइडसारखं काहीतरी लागतं. पूर्वी ते स्टॅबिलायझरमध्ये फॉर्मलिनच्या रूपात असायचं आणि लॅबमध्ये डोळे चुरचुरायचे. नंतर कोडॅकने ते काढून प्री-ब्लीच बाथमध्ये बांधलेल्या स्वरूपात घातलं आणि शेवटचा बाथ नुसता फायनल रिन्स केला. तीन बाथच्या किटात प्री-ब्लीच नसतो, त्यामुळे शेवटच्या बाटलीवर ‘स्टॅबिलायझर’ लिहिलंय की नुसतं ‘रिन्स’, हे घेण्याआधी पाहा. सी-४१ ची शेवटची बाटली इथे वापरू नका. तिकडच्या आजच्या फिल्मला हे लागत नाही, इकडच्या फिल्मला लागतं. आज फरक दिसणार नाही, दहा-पंधरा वर्षांनी स्लाइड हिरवट दिसायला लागेल.

म्हणून माझा कौल स्पष्टच ब्लीच-फिक्सर वेगळे असलेल्या किटाला. ते मिळत नसेल तर तीन बाथचं जरूर घ्या, पण पत्रकात जितके रोल सांगितलेत त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबा आणि ब्लिक्सची वेळ दीडपट करा. ब्लीचला किंवा ब्लिक्सला जास्त वेळ दिल्याने चित्राचं काही बिघडत नाही, कारण ही पायरी संपेपर्यंत थांबणारी आहे. बिघडतं ते कमी वेळाने.

खरा जीव अडकलेला असतो फर्स्ट डेव्हलपरमध्ये. बाकी सगळ्या पायऱ्यांवर काही ना काही सूट आहे, इथे नाही. मूळ वेळ ३८ अंशांना ६ मिनिटं. स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा; पुश म्हणजे जास्त धुवून चित्र उजळ करणं, पुल म्हणजे त्याच्या उलट. कोडॅकच्या हिशेबाने ८ मिनिटं दिलीत की एक स्टॉप पुश होतो, साडेअकरा दिलीत की दोन, ४ वर आणलीत की एक स्टॉप पुल. म्हणजे चाळीसेक सेकंद इकडेतिकडे झाले की तिसरा हिस्सा स्टॉप हलला, आणि स्लाइडवर तिसरा हिस्सा स्टॉप डोळ्यांना दिसतो. तापमान ३८ च्या पाव अंशापेक्षा जास्त इकडेतिकडे होऊ द्यायचं नसतं. कलर डेव्हलपरला अर्ध्या अंशापर्यंत चालतं. वॉश, ब्लीच, फिक्सर ३३ ते ३९ च्या मध्ये कुठेही चालतात, त्यांच्यामागे थर्मामीटर घेऊन धावू नका.

तापमानाच्या बाबतीत मात्र खरोखर सुखाचे दिवस आलेत. स्वयंपाकासाठी जे सू-व्हीड नावाचं दांडीसारखं हीटर निघालं, ते पाणी गरमही करतं आणि फिरवतंही, आणि दशांश अंशापर्यंत पकडून ठेवतं. सिनेस्टिल या अमेरिकी फिल्म कंपनीने २०१८ मध्ये याच कल्पनेचं फोटोग्राफीसाठीचं यंत्र काढलं, पण स्वयंपाकाचं साधं हीटरही तेच काम करतं आणि ऑनलाइन मिळतं. मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये पाणी, त्यात हे हीटर, त्यात बाटल्या आणि टँक. मत्स्यपेटीचं हीटर आणू नका, ते बहुतेक ३४ च्या पुढे जातच नाही. आणि आंघोळीच्या पाण्याच्या रॉडचं नावही काढू नका. त्यात तापमान धरता येत नाही आणि ओल्या हातांनी टबापाशी वावरायचं असतं.

थर्मामीटरवर भरवसा कसा ठेवायचा? यासाठी महागडं काही लागत नाही. ई-६ चं तापमान ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, बरोब्बर तापाच्या हद्दीतलं. औषधाच्या दुकानातला डिजिटल थर्मामीटर याच पट्ट्यासाठी बनवलेला असतो आणि इथे तो दशांशाच्या एक-दोन घरांत खरा असतो. त्याचं टोक टबात धरा, आकडा स्थिर झाला की सू-व्हीडच्या आकड्याशी ताडून बघा. फरक निघाला तर तो चिकटपट्टीवर लिहून हीटरवर डकवा. पारा असलेला जुना थर्मामीटर रसायनांजवळ नको.

पैसे सैल सोडायची तयारी असेल तर जोबोची फिरत्या ड्रमची यंत्रं पुन्हा बनतात, जर्मनीचं फिल्मोमॅट सगळंच आपोआप करतं. एगो नावाच्या छोट्या यंत्राची कल्पना मला आवडली. ते टँकवर बसतं, आतल्या द्रवाचं तापमान मोजत राहतं आणि द्रव थंड होत गेला तर त्या प्रमाणात वेळ वाढवून देतं. थोड्याशा घसरणीसाठी हे उत्तम. पण २५ अंशांवर नुसती वेळ वाढवून ई-६ करायची, असा कुणी सल्ला दिला तर सोडून द्या. तीन थर एकाखाली एक असतात, खालच्या थरापर्यंत डेव्हलपर पोचण्याचा वेग तापमानावर ठरतो. थंडीत सगळे थर सारख्या प्रमाणात मागे पडत नाहीत. मग सावल्या एका रंगाच्या आणि उजेड दुसऱ्याच रंगाचा होतो, आणि तो दोष पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये धड निघत नाही.

प्रत्यक्ष धुताना हात कसे चालले पाहिजेत ते सांगतो. पॅटरसन कंपनीच्या फिल्म धुण्याच्या टँकच्या बुडाला लिहिलेलं असतं, ३५ मिमीला २९० मिलि आणि १२० ला ५०० मिलि. रसायन तेवढंच मोजून घ्या. टब ३८ वर ठरला की बाटल्या अर्धा तास त्यात राहू द्या. बाटलीतला द्रव टबाच्या मागून सावकाश गरम होतो, त्यामुळे टबाचा आकडा बघून घाई करू नका, फर्स्ट डेव्हलपरच्या बाटलीतच टोक बुडवून मोजा. टँकमध्ये आधी ३८ अंशांचं पाणी ओतून दोन-तीन मिनिटं ठेवा. नाहीतर खोलीच्या तापमानाचं प्लास्टिक आणि रीळ ओतल्याबरोबर द्रवाचा अंश-दीड अंश गिळून टाकतात. पाणी ओतून टाका, डेव्हलपर घाला, घड्याळ सुरू. पहिले पंधरा सेकंद सलग उलटसुलट, टँक टबाच्या कडेवर दोनदा आपटून बुडबुडे मोकळे, मग दर अर्ध्या मिनिटाला दोन उलथण्या, आणि मधल्या वेळात टँक टबातच. सहा मिनिटांत शेवटचे दहा सेकंद द्रव ओतून काढण्याचे धरलेले असतात, म्हणजे ५ मिनिटं ५० सेकंदांना टँक तिरपा झाला पाहिजे.

मग दोन मिनिटं वॉश, पाणी भरपूर बदलत. यानंतर रिव्हर्सल बाथ, दोन मिनिटं. आणि इथे सवयीच्या माणसाचाही हात चुकतो: रिव्हर्सलनंतर फिल्म धुवायची नाही. फिल्मने शोषलेला रिव्हर्सल तसाच घेऊन कलर डेव्हलपरमध्ये जायचं असतं, पाण्याने धुतलात तर ज्यासाठी तो बाथ दिला तेच वाहून गेलं. तसंच प्री-ब्लीच आणि ब्लीचच्या मध्येही पाणी नको. रिव्हर्सल पुरा झाला की उजेडात झाकण उघडलं तरी चालतं. पुढे कलर डेव्हलपर ६ मिनिटं, प्री-ब्लीच २, ब्लीच ६, फिक्सर ४, वॉश किमान ४, फायनल रिन्स १. तीन बाथच्या किटात रिव्हर्सलचं काम कलर डेव्हलपरच करतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही, पण फर्स्ट डेव्हलपरनंतरचा वॉश तितकाच कसून हवा. ओली स्लाइड किंचित दुधाळ दिसते, काळजी करू नका, वाळल्यावर मोकळी होते. तोपर्यंत रंगांवर मत बनवू नका.

बाटल्या आणि नरसाळी रंगीत पट्ट्यांनी वेगळी करा. फिक्सरचा किंवा ब्लिक्सचा अंश फर्स्ट डेव्हलपरमध्ये गेला की तो हॅलाइड विरघळवतो, आणि तेच तर तुमचं चित्र होतं. काळा काळा राहत नाही. एकच नरसाळं विसळून सगळीकडे वापरणारे लोक वर्षभर ‘या किटात काळा येत नाही’ म्हणून किटाला शिव्या घालतात.

पाणी हा आपल्याकडचा वेगळा विषय. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रसायन कालवायला वापरू नका. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीवाल्याकडे कॅन मिळतो. फायनल रिन्सला तर तेच हवं, नाहीतर क्षारांचे डाग आयुष्यभर स्लाइडवर राहतात. वॉशला नळाचं चालतं, फक्त गाळून घ्या. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपसूक पस्तिशीला टेकतं, तेव्हा वॉश फुकटात होतो. कृष्णधवल धुणारे त्याच दिवसांत बर्फ शोधत हिंडतात.

आता त्या डायनॅमिक रेंजवाल्या डेव्हलपरकडे. (डायनॅमिक रेंज म्हणजे सर्वांत गडद ते सर्वांत उजळ असा जेवढा पट्टा फिल्मवर उमटतो तो, स्टॉपमध्ये मोजलेला.) सिनेस्टिलच्या किटात तीन पर्यायी फर्स्ट डेव्हलपर आहेत. डी६ हा नेहमीच्या ई-६ च्या जवळचा, डी९ हा कॉन्ट्रास्ट उतरवणारा, आणि टी६ पिवळ्या दिव्यांच्या प्रकाशात डेलाइट फिल्म वापरली तर रंग सावरणारा. कंपनी म्हणते डी६ मध्ये सहा स्टॉप आणि डी९ मध्ये नऊ. फर्स्ट डेव्हलपरची रचना बदलून स्लाइडचा कॉन्ट्रास्ट आणि काही प्रमाणात रंगांचा तोल हलवता येतो, यात खोटं काही नाही. लॅबना हे नेहमीच माहीत होतं, फक्त त्यांचं काम तोल न हलू देण्याचं होतं. पण नऊ स्टॉप म्हणजे फिल्म जास्त प्रकाश ‘बघायला’ लागली असं नव्हे. तेच थर, तेच दाणे, फक्त उताराचा चढ कमी केलेला. सावल्या उघडतात आणि त्या बदल्यात स्लाइडचा तो टपोरा काळा आणि लाइटबॉक्सवर ठेवल्यावरची ती चमक थोडी जाते.

त्यामुळे हे कशासाठी हवंय ते आधी ठरवा. स्लाइड फक्त स्कॅन होणार असेल आणि विषय उन्हातला असेल, घाटावरची दुपार, पांढरी धोतरं आणि देवळाच्या आतला अंधार एकाच फ्रेममध्ये, तर डी९ कामाला येतो. कारण दाट सावल्या स्कॅन करणं हेच स्लाइडचं अवघड दुखणं आहे. प्रोजेक्टरवर किंवा लाइटबॉक्सवर बघायची असेल तर मूळ ई-६ ला पर्याय नाही. व्हेल्व्हियावर डी९ वापरणं मला पटत नाही. ज्या तिखटपणासाठी व्हेल्व्हिया घेतली तोच काढून टाकायचा तर ई१०० किंवा फुजीचीच सौम्य प्रोव्हिया काय वाईट? टी६ ची गंमत म्हणून एखादा रोल करून बघायला हरकत नाही, पण लेन्सवर निळा ८०ए फिल्टर लावणं हा जुना उपाय जास्त भरवशाचा आहे. फक्त त्यात दोन स्टॉप जातात.

घरी कंट्रोल स्ट्रिप कुठून आणायची? स्वतः करा. एक ई१०० चा रोल उघड्या सावलीत, एकाच उजेडात, एकाच एक्स्पोजरने संपवा: फ्रेममध्ये अर्धं ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा), अर्धा रंगांचा तक्ता. अंधारात त्याचे वीतभर तुकडे करा, काळ्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि प्रत्येक किट उघडलं की पहिला तुकडा आधी धुवा. पहिला चांगला आलेला तुकडा जपून ठेवायचा, पुढचे सगळे त्याच्या शेजारी लाइटबॉक्सवर ठेवून बघायचे. डेन्सिटोमीटरची उणीव डोळा बऱ्यापैकी भरून काढतो, कारण शेजारी ठेवलेल्या दोन करड्यांमधला फरक त्याला फार चटकन कळतो.

बघायचं काय? ग्रे फिकट आणि कडेची प्रकाश न लागलेली पट्टीही पुरेशी काळी नाही, तर फर्स्ट डेव्हलपर जास्त झाला, वेळेने, तापमानाने किंवा त्यात भेसळ झाली म्हणून. सगळंच गडद, तर तो कमी पडला किंवा दमलाय. घनता बरोबर पण काळ्यात कसली तरी छटा, तर संशय रिव्हर्सलवर आणि कलर डेव्हलपरवर. कलर डेव्हलपरचा पीएच थोडा हलला तरी हिरवा-मॅजेंटा तोल हलतो, म्हणून त्याचे भाग अंदाजाने नाही, सिरिंजने मोजा. आणि रंग गढूळ, पांढऱ्यावर घाण, तर चांदी राहिलीय. या शेवटच्या दुखण्याला औषध आहे, आणि ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: वाळलेली, कापलेली, अगदी वर्षापूर्वीची फिल्मसुद्धा भिजवून पुन्हा ताज्या ब्लीच, फिक्सर, वॉश आणि स्टॅबिलायझरमधून काढता येते. चांदी जाते, रंग उजळतात. चांदी राहिलीय का हे ओळखायची एक चोरवाट अशी की स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई चालू करून बघा. रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, चांदी नसते. स्लाइडवर नसलेली ‘धूळ’ दिसून गडद भाग चिवडले जायला लागले तर समजा ब्लीच अपुरं पडलं.

साठवणुकीत फर्स्ट डेव्हलपर आणि कलर डेव्हलपर हवेला सर्वांत नाजूक. सगळं किट एकदम कालवू नका. संहत द्रव सिरिंजने काढून अर्धा लिटर करा, उरलेलं काचेच्या छोट्या बाटल्यांत तोंडापर्यंत भरून ठेवा. ब्लीचचं नेमकं उलट, त्याला हवा हवीशी असते. वापरून झाल्यावर अर्ध्या भरलेल्या बाटलीत चांगलं खळबळवून ठेवा, ते पुन्हा ताजं होतं.

तुमच्या सात रोलांचं मी असं करेन. व्हेल्व्हियाचे दोन सध्या फ्रिजमध्येच राहू देत. ई१०० च्या पाचांपैकी एक कंट्रोलसाठी खर्च करा, नाइलाज आहे. त्याचे दोन-तीन तुकडे धुवून तुमची फर्स्ट डेव्हलपरची वेळ पक्की करा. हाताने उलथताना ती सहाच्या जवळ येईल, फिरत्या ड्रममध्ये वेगळी येईल, आणि ती तुमच्या टँकची, तुमच्या हाताची वेळ असेल, पत्रकाची नव्हे. मग उरलेले चार एकाच आठवड्यात उरका. वेळ जमली की व्हेल्व्हिया बाहेर काढा. सात रोल वर्षभरात रमतगमत काढायचे असतील तर मात्र किट विकत घेऊ नका, सगळे साठवून एकदम एखाद्या चालत्या लॅबला पाठवा. पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: ई-६ कधी चालवता, आणि कंट्रोल स्ट्रिप दाखवाल का? उत्तर द्यायला खळखळ केली तर दुसरीकडे बघा. प्रत्येक रोलवर मार्करने ठळक ‘ई-६’ लिहा. ‘होतं हो सगळं’ म्हणून स्लाइड सरळ सी-४१ मध्ये टाकणारे महाभाग आहेत. त्यातून भडक रंगांची निगेटिव्ह निघते आणि ती परत स्लाइड होत नाही.

स्कॅनिंगसाठी आता मॅक्रो लेन्स लावलेला डिजिटल कॅमेरा आणि चांगल्या सीआरआयचा (म्हणजे रंग खरे दाखवणाऱ्या उजेडाचा) लाइटबॉक्स हाच सर्वांत सोयीचा मार्ग. एक एक्स्पोजर उजेडासाठी, एक सावल्यांसाठी दीड-दोन स्टॉप जास्त. व्हेल्व्हियाच्या काळ्यात शिरायला याशिवाय गत्यंतर नाही.

राहता राहिलं वापरलेलं रसायन. पूर्वी लॅबच्या दारात हायपो विकत घेणारे यायचे, चांदीसाठी. तुमच्या लिटरभराला कुणी येणार नाही. वापरलेलं फिक्सर किंवा ब्लिक्स झाकणाच्या बादलीत घालून त्यात भांडी घासायची लोखंडी किस सोडून ठेवा. आठवड्याभरात चांदी खाली गाळ होऊन बसते. वरचं पाणी भरपूर पातळ करून म्युनिसिपालटीच्या ड्रेनेजला सोडा. घराला सेप्टिक टँक असेल तर त्यात एक थेंबही नको, आतले जंतू मरतात.